पाण्याचा हिशेब (लेखांक ६) : खाचरातली ऊब

जानेवारीतल्या पहाटे वायंगणाच्या मळ्यात उतरायचं तर आधी बांधावरून चालावं लागतं. दवाने भिजलेलं गवत अनवाणी पायांना झोंबतं. मग पाय खाचरात पडतो आणि पाणी चक्क कोमट लागतं. सूर्य अजून वर आलेला नसतो. ही ऊब कालच्या उन्हाची असते.

चिखलणीमुळे पाणी खाचरात कसं अडतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्या अडलेल्या पाण्यातली उष्णता मोजू. एका गुंठ्यात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ५,००० लिटर. ते एका अंशाने तापवायला जवळजवळ सहा युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणून ते सावकाश तापतं आणि रात्री सावकाश निवतं. खालचा चिंब चिखलही त्याला साथ देतो. कोरड्या ढेकळांच्या रानात मात्र मधली हवा उष्णता खाली उतरू देत नाही. तिथे माती दुपारी भाजते आणि पहाटे गारठते.

खरा मोठा खर्च बाष्पीभवनाचा. दिवसभरात ५ मिलिमीटर पाणी उडालं असं धरू. गुंठ्यामागे ते ५०० लिटर होतं, आणि त्याची वाफ व्हायला सुमारे ३४० युनिट उष्णता जाते. तीच उष्णता खाचरात अडकली असती, तर पाणी साठेक अंशांनी तापलं असतं!

याचा भाताशी संबंध किती जवळचा, हे पाहायला लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी एक रोप उपटा आणि बुंधा नखाने उभा चिरा. अगदी तळाशी, मुळांच्या लगेच वर, पांढरा टिंबाएवढा कोंब दिसेल. नवी पानं तिथूनच फुटतात. हा कोंब त्या काळात पाण्याखाली असतो, त्यामुळे रोपाची वाढ हवेपेक्षा पाण्याच्या तापमानावर जास्त चालते. थंडीत रोपवाटिकेला संध्याकाळी पाणी भरून सकाळी काढून टाकतात, त्यामागे हेच कारण आहे. पाटाचं गार पाणी सतत शिरतं त्या तोंडाशी रोपं मागे का राहतात, तेही यातून कळतं.

उत्तर जपानात हा प्रश्न जिवावरचा आहे. आकिता प्रांतात चोकाई पर्वताचं वितळलेल्या बर्फाचं पाणी शेतात येतं. तिथल्या गावकऱ्यांनी १९२७ पासून रुंद, उथळ, पायऱ्यापायऱ्यांचे पाट बांधले, ते शेतात पोचेपर्यंत पाणी उन्हात तापावं म्हणून. भात पोटरीत असताना थंडी पडली तर पराग नीट तयार होत नाहीत आणि दाणे पोचट राहतात. त्या दिवसांत होक्काइदोचे शेतकरी पाणी १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत चढवतात. पोटरीतली कोवळी लोंबी तेव्हा बुंध्याजवळच असते, तिला हे पाणी पांघरूण होतं. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचं भातपीक सरासरीच्या चौथ्या हिश्श्याने घटलं आणि सुमारे २५ लाख टन तांदूळ बाहेरून आणावा लागला.

आपल्याकडे उलट्या टोकाचीही काळजी आहे. वायंगण उशिरा लावलं तर फुलोरा कडक उन्हात सापडतो, आणि फुलं उमलताना तापमान ३५ अंशांपुढे गेलं की परागण बिघडतं. पाणी आणि पानं मिळून लोंब्यांना गारवा देतात, पण तो हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिना भागातल्या कोरड्या हवेत लोंब्या हवेपेक्षा सहा-सात अंशांनी थंड असल्याचं मोजलं गेलं आहे. कोकणच्या दमट हवेत वाफ सहज उडत नाही, म्हणून एवढ्या गारव्याचा भरवसा धरता येत नाही. लावणीची तारीख पाळणं हाच इथे खरा उपाय.

पाण्याची पाळी ठरवताना आपण पिकाची तहान धरतो, ऊब धरत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

यंदा ज्यांचं वायंगण आहे त्यांनी एक साधा तापमापक घ्यावा. आठवडाभर पहाटे सहाला आणि दुपारी दोनला खाचरातल्या पाण्याचं आणि बांधावरच्या सावलीतल्या हवेचं तापमान वहीत लिहून ठेवावं. पुढच्या लेखांकात खाचर वाळवून पुन्हा भरण्याच्या पद्धतीबद्दल बोलू, तेव्हा ही वही जवळ असू द्या.