शालेय हस्तलिखित : सुलेखनाकडून लेखनाकडे

इयत्ता पाचवी ते आठवी हा भाषाशिक्षणातील अत्यंत निर्णायक, तरीही अभ्यासकांकडून सर्वांत उपेक्षित राहिलेला टप्पा आहे. अक्षरओळख मागे पडलेली असते, शालान्त परीक्षेचे दडपण अद्याप आलेले नसते. आपल्या बोलण्याची आणि पुस्तकाची भाषा वेगळी आहे, ही जाणीव विद्यार्थ्याला प्रथम येथेच स्पष्टपणे होते. या जाणिवेतून लिहिण्याची उमेद निर्माण होते किंवा लिहिण्याचे भय तरी. यांपैकी काय घडावे, हे वर्गातील लेखन-उपक्रमांच्या स्वरूपावर पुष्कळसे अवलंबून असते. मराठी शाळांतील 'हस्तलिखित' या जुन्या उपक्रमाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. निबंध आणि हस्तलिखित : एक समान उणीव

'पावसाळ्यातील एक दिवस', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'मी मुख्यमंत्री झालो तर' हे विषय मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. विषय जुने असणे हा दोष नव्हे. दोष असा की, जे लिहायचे ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. असा निबंध कोणाला काही सांगण्यासाठी लिहिला जात नाही. तो तपासला जाण्यासाठी लिहिला जातो. निबंधमालेतील परिच्छेद पाठ करणे ही मग विद्यार्थ्याची लबाडी राहत नाही. दिलेल्या परिस्थितीतील तो सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो.

हस्तलिखिताने ही कोंडी फोडावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी ते सुलेखनाचे प्रदर्शन झाले. वर्गातील दोन-तीन सुंदर अक्षरांच्या मुलांनी मासिकांतून कविता, सुविचार आणि थोरांची चरित्रे उतरवावीत, चित्रकलेच्या शिक्षकांनी मुखपृष्ठ सजवावे, स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी पाने उलटावीत आणि नंतर ते कपाटात जावे, असा त्याचा जीवनक्रम ठरून गेला. अशा हस्तलिखितात हात विद्यार्थ्याचा असतो, लेखन मात्र दुसऱ्याचे असते.

२. जवळचा वाचक

हस्तलिखिताची मराठी परंपरा याहून अर्थपूर्ण आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतः हाताने लिहीत असत, आणि १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. या दैनिकाचा वाचक त्याच छताखाली राहत होता. आज लिहिलेले आज वाचले जाणार, ही खात्री लेखनाला वळण देते. ज्याला सांगायचे तो समोर आहे, म्हणून काय सांगायचे आणि कसे सांगायचे हे प्रश्न खरे होतात. येथे लिहिणारे शिक्षक होते हे खरे. तथापि शिक्षक स्वतः लिहितो हे मुलांनी पाहणे, हाही लेखनशिक्षणाचा एक भाग होय.

३. तीन पूर्वप्रयोग

मराठीबाहेरील तीन प्रयोग या संदर्भात मार्गदर्शक ठरतात. रशियात यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या लिओ टॉलस्टॉय यांनी १८६२ मध्ये एका लेखात असा प्रश्न उपस्थित केला की, लिहायला कोणी कोणास शिकवावे, आपण मुलांना की मुलांनी आपल्याला? त्यांनी एका म्हणीवरून गोष्ट लिहायला घेतली आणि मुले तिच्यात ओढली गेली. गोष्टीतील माणूस बायकी कोट अंगावर घालून बाहेर पडतो, असा बारकावा त्यांतील एका मुलाने सुचवला. त्या एका तपशिलाने माणूस आणि त्याचे घर डोळ्यांपुढे उभे राहते, हे टॉलस्टॉय यांच्या ध्यानी आले. लेखनाचे द्रव्य मुलाच्या पाहण्यात आधीच असते, हा या अनुभवाचा अर्थ.

फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गातच छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले स्वतःच्या अनुभवावर लिहीत, वर्ग त्यांतील मजकूर निवडून सुधारी, मुले खिळे जुळवून तो छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेकडे पाठवीत. समुद्र ज्यांच्या परिचयाचा त्यांना डोंगराळ गावाविषयी सांगायचे असेल, तर काहीच गृहीत धरून चालत नाही.

तिसरा प्रयोग इटलीतील बार्बियाना या खेड्यातला. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंच्या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले, शिक्षिकेला उद्देशून असलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले; मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने परिचित आहे. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, त्यांच्या गड्ड्यांतून प्रकरणे पाडायची, मग अनावश्यक शब्द गाळत जायचे. चांगले लिहिणे ही देणगी नसून शिकता येणारे काम आहे, असा विश्वास या पद्धतीच्या मुळाशी आहे.

या तिन्ही प्रयोगांतून स्वतःचे द्रव्य, खरा वाचक आणि पुनर्लेखन ही तीन सूत्रे हाती लागतात. हस्तलिखिताला भाषाप्रकल्पाचे रूप द्यावयाचे तर या तिहींची एकत्र सांगड घालावी लागेल.

४. प्रकल्पाचे स्वरूप

पाचवी-सहावीसाठी शब्दसंग्रह हा उचित आरंभ ठरतो. पेरणीच्या ज्या अवजाराला काही भागांत 'तिफण' म्हणतात, त्याच कामाच्या अवजारास अन्यत्र 'पाभर' म्हणतात. 'वखर' आणि 'कुळव' यांचेही तसेच. मालवणीतील 'झील' आणि 'चेडू', अहिराणीतील 'आंडोर' आणि 'आंडेर' हे मुलगा-मुलगी यांसाठीचे शब्द प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत. शेत, स्वयंपाकघर, सुतारकाम, मासेमारी, यंत्रमाग यांपैकी एकेक क्षेत्र एकेका गटाने घ्यावे, शब्द कोणाकडून मिळाला ते नोंदवावे आणि अर्थ स्वतःच्या वाक्यात सांगावा. दिसणारी वस्तू न पाहिलेल्याला समजेल अशी सांगणे, ही गद्यलेखनाची पहिली कसोटी होय.

सातवीत म्हणीवरून गोष्ट लिहिता येईल. 'गाव करी ते राव न करी' या म्हणीचा अर्थ विचारला तर उत्तर पाठ मिळते. हीच म्हण आपल्या गल्लीत कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रसंगी निघू शकेल असे विचारले, तर पात्र, प्रसंग आणि संवाद या तिन्हींचा शोध सुरू होतो.

आठवीत आठवणींचे संकलन घ्यावे. १९७२चा दुष्काळ ज्यांनी बालपणी किंवा तरुणपणी पाहिला, अशी माणसे अजून अनेक घरांत आहेत. 'त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला व लोकांचे हाल झाले' हे वाक्य कोणीही लिहू शकतो. खडी फोडायला जाणारी आजी, सुकडीची चव, मिलोची लालसर भाकरी, त्या वेळी खोदलेला आणि अजून गावाला पाणी देणारा पाझर तलाव, हे तपशील मात्र विचारल्याविना मिळत नाहीत. विचारण्यापूर्वी प्रश्न लिहून काढणे, ऐकलेले टिपणे आणि टिपणांतून निवड करणे ही तिन्ही भाषिक कौशल्ये येथे सहज साधतात. सांगणाऱ्याची संमती घेणे आणि घरातील दुखरी गोष्ट वगळण्याचा त्याचा अधिकार मानणे, हेही विद्यार्थ्याला शिकवले पाहिजे.

५. बोलीचा प्रश्न

अशा लेखनात बोली येणारच, आणि शिक्षकाची खरी परीक्षा तेथेच होते. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाईने बोलीरूपे खोडली, तर विद्यार्थी पुढच्या वेळी 'शुद्ध' लिहितो, परंतु त्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. शब्द चुकल्याची खूण त्याला आजी चुकल्याची खूण वाटते. याउलट प्रमाणभाषा न शिकवणे हाही अन्यायच, कारण पुढील शिक्षणाचे आणि व्यवहाराचे दरवाजे तिनेच उघडतात.

यातून वाट काढण्यासाठी मराठी साहित्याकडेच पाहावे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये (१९४९) निवेदन व संवाद यांच्या भाषेचे वेगवेगळे स्तर दिसतात; आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) निवेदनच बोलीत आहे. कोणती भाषा कोठे आणि कशासाठी, हा लेखकाच्या निवडीचा भाग असतो. ही निवड विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. पहिला खर्डा जशी येईल तशा भाषेत, दुसऱ्यात मजकुराची मांडणी, तिसऱ्यात वाचकाचा विचार करून निवेदनाचे प्रमाणरूप, आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवता येईल. ज्यांच्या घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलली जाते, त्यांच्यासाठी प्रश्न बोलीचा नसून स्वतंत्र भाषेचा आहे. त्यांच्या पानावर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी असाव्यात.

६. मूल्यमापन आणि मर्यादा

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 'प्रकल्प' हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन म्हणून समाविष्ट झाले, ही स्वागतार्ह घटना होती. परंतु साधन मिळाल्याने दृष्टी मिळतेच असे नाही. दुकानातून आणलेली चित्रे आणि मोबाइलवरून उतरवलेला मजकूर यांचाही 'प्रकल्प' होतो. म्हणून अंतिम प्रतीबरोबर सर्व खर्डे जोडलेले असावेत आणि गुण त्या प्रवासाला द्यावेत.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की, वर्षातून एकच हस्तलिखित करावे, पाच-सहा मुलांचे गट असावेत, खर्ड्यांचे पहिले वाचन मुलांनीच परस्परांत करावे आणि शिक्षकाने प्रत्येक खर्ड्यावर एकच प्रश्न लिहावा. 'येथे नेमके काय दिसत होते?' एवढा प्रश्नही पुष्कळ काम करतो.

तयार झालेले हस्तलिखित कपाटात न जाता ग्रंथालयात जावे, एकेक रात्र प्रत्येक घरी जावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेकडे जावी. कोकणातील मुलाने विदर्भातील मुलाला भरती-ओहोटी समजावून सांगावी, आणि उलट टपाली त्याने तिफण म्हणजे काय ते कळवावे. आपल्या घरातील शब्द दुसऱ्या कोणाला तरी हवा आहे, हे ज्या वयात उमगायला हवे ते हेच वय आहे. ते उमगल्यावर अक्षर वळणदार करण्याचे कारणही विद्यार्थ्याला आपोआप सापडते.