उडू नये म्हणून पेटवलेलं रॉकेट

उड्डाणावर सगळेच लिहितात, तुम्ही त्याच्या आधीच्या चाचणीवर लिहा, असं संपादकांनी फोनवर फर्मावलं. मी ह्यूस्टनला मावसभावाकडे उतरलोय हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि बोका चिका तिथून हाकेच्या अंतरावर असणार अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते टेक्सासचं पार खालचं टोक, मेक्सिकोच्या सीमेला चिकटलेलं. गाडीने सहा-सात तास लागतात.

स्पेसएक्सने ही जागा 2014 साली निवडली तेव्हा इथे समुद्र, पाणथळ जमीन आणि निवृत्त लोकांची एक छोटी वस्ती होती. 2019मध्ये स्टारहॉपर नावाच्या पिंपवजा यानाने दीडशे मीटरांची उडी मारली. 2025च्या मे महिन्यात वस्तीचं रीतसर शहर झालं, नाव स्टारबेस. मतदान 212 विरुद्ध 6. मतदारांतले बहुतेक कंपनीचे नोकर किंवा त्यांच्या घरचे, तेव्हा निकालाची उत्सुकता कुणाला फारशी नव्हतीच.

रॉकेटवेड्यांचा अड्डा मात्र त्या शहरात नाही. चाचणीच्या दिवशी तिकडे जाणारा एकुलता एक रस्ता बंद करतात. लोक जमतात ते खाडीपलीकडे, साउथ पाद्रे आयलंडच्या टोकाला, आयला ब्लांका उद्यानात. तिथून प्रक्षेपणतळ साधारण 8 किलोमीटर. घडीच्या खुर्च्या, ट्रायपॉड, बर्फाच्या पेट्या, शाळा बुडवून आणलेली पोरं. बघायला येतात ते स्टॅटिक फायर, म्हणजे रॉकेट चौथऱ्याला जखडून ठेवायचं, इंजिनं काही सेकंद पेटवायची आणि विझवायची. रॉकेटच्या खालच्या टप्प्याला, म्हणजे सुपर हेवी बूस्टरला, खालून धरून ठेवणाऱ्या पकडी 20, इंजिनं 33. सगळं सुरळीत झालं तर काहीच उडत नाही. एवढ्यासाठी माणसं दिवसचे दिवस उन्हात का बसतात, हे मला कळून घ्यायचं होतं.

ते कळलं एका सत्तरीच्या माणसाशेजारी बसल्यावर. आयुष्यभर त्याने भाजीपाल्याच्या कोल्ड स्टोरेजमधले कॉम्प्रेसर दुरुस्त केले. हातात दुर्बीण, मांडीवर वही. इंग्रजी बोलताना मध्येच स्पॅनिशमध्ये शिरायचा. इंजिनांकडे त्याचं फारसं लक्षच नसे. तो बघायचा बर्फाची रेघ.

बूस्टर म्हणजे 9 मीटर रुंद, सुमारे 70 मीटर उंच पोलादी नळकांडं. पत्रा जेमतेम 4 मिलिमीटरचा, वर कसलंही आवरण नाही. खालच्या टाकीत द्रव ऑक्सिजन, वरच्या टाकीत द्रव मिथेन. ऑक्सिजन शून्याखाली 183 अंशांना उकळतो, आणि इथे भरतात तो त्याहूनही थंड. समुद्रावरची दमट हवा त्या पत्र्याला लागली की तिच्यातलं बाष्प जागच्या जागी गोठतं. त्यामुळे आत द्रवाची पातळी चढेल तसा बाहेर पांढरा पट्टा चढत जातो. कुणी काही जाहीर करो न करो, टाकी किती भरली हे 8 किलोमीटरवरून दिसतं. म्हातारा दर थोड्या वेळाने वहीत पट्ट्याची उंची टिपायचा. पट्ट्याची वरची कड सरळ, रेखीव असेल तर भरणं चालू आहे. कड एका जागी रेंगाळली की काहीतरी अडलंय. कड विसकटून करडी दिसायला लागली की टाकी रिकामी करताहेत. टाक्यांच्या कडेने निघणारी वाफ थांबली तर त्या दाबाखाली घेतल्या, आता पुढे काहीही होऊ शकतं.

त्या दुपारी पट्टा निम्म्यावर आला आणि थबकला. आजूबाजूला कुणाला पत्ता नव्हता. याने वही बंद केली, खुर्ची घडी केली आणि मला म्हणाला, "जेवून घ्या, आज होत नाही." चाचणी रद्द झाल्याची बातमी लोकांच्या फोनवर यायला बराच वेळ होता.

पुढच्या खेपेला झाली. चौथऱ्याखालून आधी पाण्याचा पांढरा ढग फुटला, त्यात नारिंगी उजेड भरला, वाफ दोन्ही अंगांनी वाळूवर पसरली, आणि संपलं. सगळं शांत. 8 किलोमीटर कापायला आवाजाला 23-24 सेकंद लागतात, जाळ असतो पाच-सहा सेकंदांचा. इंजिनं विझून गेल्यावर त्यांची गर्जना पाण्यावरून आली आणि छातीवर आदळली. जे ऐकत होतो ते केव्हाच आटोपलेलं होतं. नवखे तोवर फोन खिशात घालून निघालेले असतात. जुने लोक हात वर करून त्यांना थांबवतात.

ही उठाठेव कशासाठी, याचं उत्तर चंद्राच्या शर्यतीत आहे. सोव्हिएत संघाच्या एन-1 रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात 30 इंजिनं होती. तो टप्पा जमिनीवर अखंड पेटवून कधी पाहिलाच नाही. इंजिनांचे काही व्हॉल्व्ह एकदाच उघडणारे, त्यामुळे एका खेपेतली थोडी इंजिनं नमुन्याला पेटवायची आणि उरलेली न तपासता बसवायची. 1969 ते 1972 या काळात चार उड्डाणं, चारही फसली. सॅटर्न-5चे टप्पे अमेरिकेने आधी जमिनीवर पेटवून मगच पाठवले. आपल्याकडे विक्रोळीला गोदरेजमध्ये बनणारं विकास इंजिन तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या चाचणीकेंद्रात जातं, तिथे जत्रेला मज्जाव. श्रीहरिकोट्यात तळावर पीएसएलव्हीची अशी चाचणी करताच येत नाही. तिचा पहिला टप्पा घन इंधनाचा, एकदा पेटला की विझवण्याची सोय नाही.

म्हणजे चाचणी हवीच. माझी चिंता वेगळी आहे. चाचणी असते इंजिनांची, आणि दगा देतं भलतंच.

2016च्या सप्टेंबरमध्ये केप कॅनव्हरलला स्पेसएक्सच्याच फाल्कन-9चं स्टॅटिक फायर व्हायचं होतं. काही मिनिटं आधी, इंधन भरतानाच रॉकेट फुटलं. वर बसवलेला आमोस-6 उपग्रहही गेला. इंजिनं पेटलीच नव्हती. ऑक्सिजनच्या टाकीत बुडालेली हेलियमची बाटली फाटली होती. जगाने पाहिलेलं त्याचं चित्रण अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या एका हौशी गटाने दूरवरून केलेलं.

जुलै 2022मध्ये बोका चिकाला बूस्टर क्रमांक 7ची इंजिनं न पेटवता नुसते पंप फिरवून पाहायचे होते. बाहेर पडलेला मिथेन हवेत मिसळला आणि खाली भडका उडाला. सगळी 33 एकदम अशी फिरवायची नाहीत, असं मग ठरलं. पुढे आधी एक इंजिन पेटवलं, मग 7, मग 14. फेब्रुवारी 2023मध्ये सगळ्यांना हात घातला, 31 पेटली, तीही साधारण निम्म्या जोरावर. चौथऱ्याखालचं काँक्रीट टिकलं. त्यावरूनच एका उड्डाणाला ते पुरेल असा हिशोब कंपनीने केला. 20 एप्रिलला प्रत्यक्ष उड्डाणाचा जोर लागला तसं काँक्रीट फुटून खड्डा पडला, त्याची ढेकळं समुद्रापर्यंत गेली, आणि हौशी मंडळींनी कॅमेऱ्यांसाठी जवळ उभ्या केलेल्या एका व्हॅनचा मागचा भाग चेपला. पाण्याने गार राहणारं पोलादी तबक त्यानंतर आलं. चाचणीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिला विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर तिने दिलं.

पकडींचीही खात्री नाही. 2024च्या जूनमध्ये चीनच्या गोंगयी शहराबाहेर तियानलोंग-3 या रॉकेटचा पहिला टप्पा चाचणी चालू असताना पकड तोडून चक्क उडाला आणि दीड किलोमीटरवरच्या डोंगरात कोसळला. तिथल्या लोकांनी ते मोबाइलवर टिपलं.

आणि 18 जून 2025ची रात्र. शिप 36 हे वरचं यान मेसीज नावाच्या जागी, एकेकाळच्या नेमबाजीच्या मैदानावर, सहा इंजिनांच्या चाचणीसाठी उभं होतं. अकराच्या सुमाराला, इंधन भरताना, ते नाकापासून फुटलं. जीवितहानी झाली नाही, पण तुकडे सीमेपलीकडे मेक्सिकोत गेले आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी चौकशी लावली. कारण निघालं नाकातली नायट्रोजनची बाटली. म्हातारा तेव्हा घरी होता, नातीच्या फोनवर बघत होता. बर्फावरून काही कळलं का, असं मी विचारलं.

"बर्फ उत्तम होता," तो म्हणाला. "ती बाटली टाक्यांच्या वर. तिथे बर्फ कशाला धरेल?"

मेसीजची जागा काही महिने निकामी झाली. शिप 37ची इंजिनं तात्पुरता सांगाडा लावून प्रक्षेपणाच्या चौथऱ्यावरच पेटवावी लागली, आणि ते यान ऑगस्टअखेर व्यवस्थित उडालंही. मग मेसीजलाच नव्या पिढीचा पहिला बूस्टर, क्रमांक 18, आणून उभा केला. 21 नोव्हेंबरला पहाटे नुसता वायूचा दाब तपासताना त्याची खालची बाजू फाटली. त्यात इंधन नव्हतं, आणि इंजिनं अजून बसवायची होती.