फुंकनळी आणि पैसाफंड

गिरगांवांतील बिऱ्हाडांत किंवा लालबाग-परळच्या चाळींत विजेचा दिवा येण्यापूर्वीं कंदिलाची काच फुटली कीं घरांत अंधार होई. ती काच बहुधा परदेशाहून येई. वस्तुतः वाळू, सोडा व चुना हाच काचेचा मुख्य माल, आणि तो आपल्या देशांतही होता. उणीव होती ती शिकलेल्या हातांची.

सुमारें 1400 अंश उष्णतेच्या भट्टींत काचेचा रस तयार होतो. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर कारागीर त्याचा गोळा उचलतो आणि नळी सतत फिरवीत तींत फुंकतो. फिरविणें थांबलें कीं गोळा एका बाजूस लोंबतो. फुंक अधिक झाली कीं काच पातळ होते. घडलेलें भांडें सावकाश निववावें लागतें, नाहीं तर आंतील ताणानें तें तडकतें. हें सारें पुस्तकांत वाचून समजतें, पण भट्टीपुढें उभें राहिल्यावांचून हातांत उतरत नाहीं.

जपाननें हें ओळखलें होतें. काच कापून नक्षी काढण्याची ‘किरिको’ कला तेथें आधींपासून होती. 1870 नंतर शिनागावा येथील कारखान्यांत इंग्रज शिक्षक आणून जपाननें आपल्या कारागिरांस पाश्चात्य पद्धति शिकविली, व जुन्या कलेस नवें बळ आलें.

उत्तर हिंदुस्थानचे ईश्वरदास वार्ष्णेय हे याच जपानांत शिकले, आणि पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत गेले. इकडे अंताजी दामोदर काळे माणशीं एक पैसा मागत गांवोगांव हिंडत होते. लोकमान्य टिळकांचा त्यांस पाठिंबा होता. ज्या 1908 सालीं टिळकांच्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें, त्याच सालीं या पैसाफंडांतून तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. वार्ष्णेयांनीं त्याची धुरा घेतली.

हा कारखाना शाळाही होता. निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी तेथें शिकले. शिकणाऱ्याच्या हातून काच फुटणारच. फुटलेली काच पुन्हां वितळवितां येते, पण जळलेलें इंधन परत येत नाहीं. असा तोटा एका भांडवलदारास जड जातो; हजारों लोकांच्या एकेका पैशास तो सोसवतो.

पुढें 1962 सालीं अमेरिकेंतील टोलेडो येथें हार्वे लिटलटन यांनीं लहानशी भट्टी मांडून कलावंतांस स्वतः काच फुंकावयास लाविलें. कारखान्याची काच व कलावंताची काच यांत अंतर पुष्कळ; परंतु दोहोंचा आरंभ शिकविणाऱ्यापासून, आणि शिकतांना होणारा तोटा सोसणाऱ्यापासूनच होतो.