पलटणीतला जोडीदार आणि गावातली सावड

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पुष्कळ खेड्यांत लष्करातून निवृत्त होऊन आलेला एखादा तरी शेतकरी आढळतो. पंधरा-सतरा वर्षे चाकरी करून तो चाळिशीच्या आसपास घरी येतो, पेटी माळ्यावर टाकतो आणि वडिलोपार्जित वावर कसू लागतो. गाव त्यास मिलिटरीवाले म्हणून ओळखते, स्वातंत्र्यदिनी झेंड्याजवळ उभे करते, नारळ देते, आणि उरलेले वर्षभर त्यास काही विचारीत नाही. शेतीच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हा मनुष्य आपल्याच बांधाचा शेजारी आहे. आणि त्याच्यापाशी जे आहे त्याचा शेतकऱ्यास उपयोग आहे, असे आमचे मत आहे.

वऱ्हाडचा आणि फौजेचा संबंध फार जुना. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील आडगावी आणि डिसेंबरात मेळघाटातील गाविलगडावर इंग्रज व नागपूरकर भोसले यांच्या लढाया झाल्या, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की, १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, ते हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च भागविण्याकरिता. म्हणजे आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी कापूस-ज्वारी पिकवून जो सारा भरला, त्यातून या शिपायांचे पगार होत असत. या फौजेच्या काही पलटणींचे मूळ एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नबाब सलाबतखान याच्या सैन्यात होते. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळविण्यात आली व तिच्यातील एका पलटणीस वऱ्हाडचेच नाव मिळाले. १९२२ साली या पलटणी मिळून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. हिमालयाचे नाव धारण करणाऱ्या या रेजिमेंटीचे एक मूळ असे आमच्या काळ्या मातीत आहे.

आता हे जुने सैनिक एकत्र जमले म्हणजे काय बोलतात? आम्ही अशा बैठकींस अनेकदा बसलो आहो. मर्दुमकीच्या गोष्टी निघतील ही ऐकणाऱ्याची अपेक्षा बहुधा फोल ठरते. गोष्टी निघतात त्या लंगरातल्या डाळीच्या, बर्फात गोठलेल्या पाण्याच्या, रजा मंजूर होऊनही गाडी न मिळाल्याच्या; आणि सर्वांत अधिक, जोडीदाराच्या. पहाऱ्यावर एकाने झोपावे, दुसऱ्याने जागावे. एकाच्या घरून पत्र आले म्हणजे दोघांनी वाचावे. एक जखमी झाला तर दुसऱ्याने त्यास टाकून येऊ नये. हा जोडीदार पंजाबचा असो की तामिळनाडूचा, त्याची जात कोणती हे पुष्कळांस वर्षानुवर्षे विचारावेसेही वाटले नाही. शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. सावड म्हणजे दुसरे काय? आज तुझ्या वावरात माझे बैल, उद्या माझ्या वावरात तुझे. भेद इतकाच की, पलटणीतल्या सावडीत बैलांच्या जागी प्राण लावलेला असतो. म्हणूनच चाळीस वर्षांनी भेटलेले दोन म्हातारे एकमेकांस जुन्या हुद्द्याने हाक मारतात आणि घटकाभर काही बोलतच नाहीत.

या आठवणी नुसत्या करमणुकीच्या नव्हेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला या १६ हजार फुटांहून उंच खिंडीत वर सांगितलेल्या कुमाऊँ रेजिमेंटीच्या १३ व्या पलटणीची एक कंपनी चिनी फौजेशी लढली. मेजर शैतानसिंग यांच्या हाताखालील सुमारे १२० जवानांपैकी ११४ कामी आले. जे थोडे परत आले त्यांनी सोबत्यांची हकिगत सांगितली, तेव्हा तिच्यावर सहजासहजी कोणाचा विश्वास बसेना. पुढे १९६३ च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळामुळे तो रणभाग दृष्टीस पडला. आणि मोर्च्यात बंदूक धरून गोठलेले जवान, हातात सुई घेतलेला शुश्रूषक, हे सर्व जसेच्या तसे आढळले. वाचलेल्यांची साक्ष अक्षरशः खरी होती. तो बर्फ साक्षीस राहिला. पण प्रत्येक सैनिकाच्या आठवणीस असा साक्षीदार लाभत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच. १८९० नंतर इंग्रज सरकारने महार समाजाची लष्करभरती बंद केली. तिच्याविरुद्ध आरंभी आवाज उठविला तो दापोलीच्या पेन्शनर सैनिकांनी. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली जो अर्ज लिहिला, त्याचा मुख्य आधार होता तो आपल्या लोकांनी फौजेत केलेल्या चाकरीचा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली व थोड्याच वर्षांत मोडली गेली. अखेर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली, आणि तिची दुसरी पलटण १९४२ साली आमच्या विदर्भात, कामठीस उभी राहिली. पेन्शनरांनी आपला स्नेह व आठवण सोडली असती, तर ही मागणी इतकी वर्षे जिवंत राहती ना.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. कापसाची वेचणी आटोपल्यावर गावच्या जुन्या सैनिकांस एका संध्याकाळी बोलवावे. किती शत्रू मारले, हे विचारू नये. जोडीदार कोण होता, हे विचारावे. शाळेतल्या एखाद्या मुलाने ते वहीत उतरून घ्यावे. सैनिक क्रमांक, पलटणीचे नाव, डिस्चार्ज बुक व जुनी पत्रे एका ठिकाणी जपून ठेवावीत. कारण घरधनी गेल्यावर कुटुंबपेन्शनीसाठी विधवेस याच कागदांची गरज पडते, आणि ते हाती असले म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील काम सुकर होते. जुन्या सोबत्यांचे पत्ते असल्यास तेही लिहून ठेवावेत. अडल्या वेळी धावून येणारा बहुधा तोच असतो.

बियाणे वेळेवर न राखले तर पुढच्या हंगामास ते मिळत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. आठवणींचेही तसेच आहे. १९७१ च्या युद्धात लढलेला तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे ते याच हंगामात.