सावलीतून उमलणारी गोलाई

शाळकरी मूल संत्र्याचे चित्र काढते, नारिंगी पेन्सिलीने कडेपर्यंत घोटून रंगवते, तरीही कागदावर संत्रे न दिसता नारिंगी चकतीच दिसते. मग सावलीसाठी काळी पेन्सिल हाती येते आणि फळ गोल होण्याऐवजी डागाळते. ‘मला चित्र जमत नाही’ असे म्हणून पुष्कळ मुले वही मिटतात ती येथेच. वास्तविक दोष हाताचा नसतो. उजेड कोठून येतो, हे पाहायचे राहून गेलेले असते.

खिडकीजवळ, एकाच बाजूने उजेड पडेल असे संत्रे ठेवावे. त्यात पाच गोष्टी दिसतात : उजेड थेट पडतो तेथला चकाकता ठिपका, त्याभोवती फळाचा मूळ रंग, वळणावरची गडद छाया, खालच्या कडेशी टेबलावरून परतलेल्या उजेडाची मंद किनार आणि टेबलावर पडलेली सावली. ही मंद किनार सहसा नजरेतून निसटते. पण तिच्यावाचून फळाची कड मागे वळल्याचा भास होत नाही.

रंगीत पेन्सिलीतील रंगद्रव्य मेणाने किंवा तेलाने बांधलेले असते. दाबून लावलेला रंग खोडरबराने पुरता निघत नाही. म्हणून चकाकता ठिपका नंतर काढायचा नसतो. तेवढा कागद आरंभापासूनच कोरा राखायचा असतो.

किंचित खरबरीत कागद, टोकदार पेन्सिल आणि हलका हात एवढी तयारी पुरते. ठिपका सोडून सर्वत्र पिवळा, त्यावर नारिंगी, छायेकडे तांबडा आणि सर्वांत गडद भागी निळ्याचा विरळ थर द्यावा. निळा हा नारिंगीचा पूरक रंग. दोन्ही मिळून जी करडी-तपकिरी छटा उमटते, ती काळ्यापेक्षा जिवंत वाटते. रेघा फळाच्या गोलाईबरोबर वळाव्यात. टेबलावरची सावली फळाला टेकते तेथे सर्वांत दाट असावी, पुढे विरत जावी. शेवटी फिकट पिवळी पेन्सिल जोर देऊन फिरवली की थर एकजीव होतात. मात्र त्यानंतर कागद नवा रंग सहज धरत नाही.

छायेतून उठाव आणण्याची ही विद्या भारताला जुनीच. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तिला ‘वर्तना’ म्हणते आणि तिचे तीन प्रकार सांगते. त्यांतला एक केवळ ठिपक्यांचा आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुखावरही छाया-प्रकाशाने साधलेला उठाव दिसतो.

घाईने दाबलेला एक थर मागे घेता येत नाही. हात राखून दिलेले पाच थर हवे तेथे थांबवता येतात. वही मिटू पाहणाऱ्या मुलाच्या हाती नवी पेन्सिल देण्याआधी त्याच्यासमोर, खिडकीपाशी, एक संत्रे ठेवावे.