थंडी तयार करणं सोपं, टिकवणं अवघड

मेलबर्न किंवा सिडनीत राहत असाल, तर ऑस्ट्रेलियाचं मांस जगभर जातं हे तुम्हाला माहीतच असेल. पण 1870 च्या आसपास इथली मेंढी मुख्यतः लोकरीसाठी पाळली जायची. माणसं थोडी, मेंढ्या भरपूर. जास्तीची जनावरं उकळून त्यांची चरबी काढायची आणि ती साबण-मेणबत्त्यांसाठी विकायची, असा धंदा होता. तिकडे इंग्लंडमध्ये मांस महाग. मध्ये होता सुमारे दोन महिन्यांचा प्रवास, आणि त्यात विषुववृत्ताचा उकाडा.

मग यंत्र नव्हतं का? होतं! जिलाँगचे पत्रकार जेम्स हॅरिसन यांनी 1850 च्या दशकातच बर्फ बनवायचं यंत्र चालवून दाखवलं होतं. त्याआधी बर्फ अमेरिकेहून जहाजाने यायचा. आपल्या मुंबईतही तसाच यायचा.

1873 साली हॅरिसन यांनी ‘नॉरफोक’ जहाजातून गोठवलेलं मांस लंडनला पाठवलं. जहाजावर यंत्र नव्हतं. टाक्यांमध्ये बर्फ आणि मीठ भरलं होतं, आपल्या हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटसारखं. वाटेत टाक्या गळल्या, थंडी संपली आणि मांस समुद्रात फेकावं लागलं. हॅरिसन यांचं दिवाळं निघालं. सिडनीच्या थॉमस मॉर्ट यांनी 1876 मध्ये ‘नॉर्दम’ जहाजावर यंत्रच बसवलं, पण त्यात बिघाड झाला आणि मांस जहाजाबरोबर जाऊच शकलं नाही. 1878 मध्ये मॉर्ट वारले.

या दोन्ही वेळी थंडी तयार झाली होती. ती शेवटपर्यंत टिकली नाही. सगळा प्रश्न इथेच आहे. फ्रीज बंद पडला तर तुम्ही दूध शेजाऱ्यांकडे ठेवाल. भर समुद्रात शेजारी कुठून आणणार?

उत्तर मिळालं ते ‘स्ट्रॅथलेव्हन’ जहाजावर. 1879 च्या अखेरीस सुमारे 40 टन मांस घेऊन ते ऑस्ट्रेलियाहून निघालं आणि फेब्रुवारी 1880 मध्ये लंडनला पोचलं. मांस चांगलं होतं. त्यावरचं बेल-कोलमन यंत्र चक्क हवेवर चालायचं. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. ती दाबलेली हवा समुद्राच्या पाण्याने निववायची आणि मग फैलावू द्यायची, ती गारठते. हे यंत्र कोळसा भरपूर खायचं. पण गळतीची भीती असलेली अमोनियासारखी रसायनं त्यात नव्हती. हवा गळली तरी हवाच!

पुढे अशी जहाजं खास बांधली जाऊ लागली. भिंतींना जाड उष्णतारोधक थर, आतल्या मजल्यांचे वेगवेगळे कप्पे, हवा फिरवणारे पंखे, आणि ऊन परतवायला बहुतेकदा पांढरा रंग. आता बराचसा माल रेफर कंटेनरमधून जातो. प्रत्येक कंटेनरला स्वतःचं शीतयंत्र असतं, वीज जहाज पुरवतं.

आतली रचना पाहण्यासारखी आहे. जमीन सपाट नसते, तिला लांबट खाचा असतात. गार हवा खालून त्या खाचांमधून येते, मालातून वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे जाते. म्हणून भिंतीवर लाल रेघ असते. माल तिच्या वर रचला, तर हवेची वाटच बंद. आणखी एक गंमत: हे यंत्र गरम माल थंड करण्यासाठी बनवलेलंच नसतं. माल आधीच गार करून भरायचा. यंत्राने फक्त ती थंडी राखायची.

प्रत्येक मालाचं गणितही वेगळं. गोठवलेलं मांस उणे 18 अंशांवर, केळी मात्र साधारण 13 अंशांवर. त्याहून गार केली तर ती काळी पडतात. शिवाय फळं तोडल्यावरही श्वास घेतात, उष्णता सोडतात, म्हणून त्यांना ताजी हवाही लागते.

या सगळ्यावर नजर ठेवायला जहाजावर माणूस लागतोच. शेकडो कंटेनरांचं तापमान तपासायचं, अलार्म वाजला की जायचं, बिघाड शोधायचा. समुद्र खवळलेला असो की नसो. नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्याहून युरोपला जातात, तीही अशाच पहाऱ्यात.

जिलाँगला बार्वन नदीवर हॅरिसन यांच्या नावाचा पूल आहे. कधी त्यावरून गेलात, तर लक्षात ठेवा: त्यांची कल्पना बरोबर होती, कमी पडल्या त्या टाक्या.