निकाल हेगचा, मर्जी बड्यांची
आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला म्हणजे न्याय मिळाला, असं आपण धरून चालतो. निकाराग्वाचा अनुभव वेगळा आहे. १९८४च्या सुरुवातीला कोरिंतोसारख्या त्याच्या बंदरांत पाणसुरुंग पेरले गेले. त्यामागे अमेरिकेची सीआयए होती. निकाराग्वाने हेगच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाच्या अधिकारावरचा आक्षेप फेटाळला गेल्यावर अमेरिकेने खटल्यातून अंग काढून घेतलं. २७ जून १९८६ रोजी निकाल लागला: सुरुंग पेरणं, काँट्रा बंडखोरांना शस्त्रं पुरवणं बेकायदा, भरपाई द्या.

पण या न्यायालयाकडे ना पोलीस, ना जप्ती आणणारा बेलीफ. निकाल पाळला नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ९४नुसार सुरक्षा परिषदेकडे जायचं. निकाराग्वा गेला, अमेरिकेने नकाराधिकार वापरून ठरावच हाणून पाडला. म्हणजे आरोपीच अंमलबजावणीच्या खुर्चीत! आमसभेने ९४ विरुद्ध ३ मतांनी निकाल पाळायला सांगितलं, पण तो ठराव बंधनकारक नव्हता. सत्तापालटानंतर, १९९१मध्ये निकाराग्वाने खटला मागे घेतला. भरपाई मिळालीच नाही.

म्हणून कुठलाही बडा देश जागतिक नियमांचे दाखले देऊ लागला की एवढंच तपासावं: नियम त्याच्यावर उलटला, तेव्हा तो कसा वागला?